नेपाळमध्ये सरकार सारखं का पडतं आणि भारतावर राग नेमका कशाचा?

पावसचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. प्रश्न राजकारणाचा आहे पण मला तो बागेतनं पडलाय म्हणून इथे विचारतो. आमची पावसच्या बाजूला हापूसची कलमं आहेत आणि आता आपल्याकडे सगळ्यांचंच असं झालंय की राखणीला, फवारणीला, पुढे तोडीला नेपाळी माणसं नसतील तर हंगाम उभाच राहत नाही. आमच्याकडे येतात ते अछाम आणि कैलाली जिल्ह्यांतले, वर्षानुवर्षं तीच घरं, आधी बाप यायचा आता मुलगा येतो. दिवाळीनंतर येतात आणि पावसाची चिन्हं दिसली की परततात. यंदा आल्यापासून रात्री खोपीत मोबाईलवर फक्त नेपाळच्या बातम्या लावलेल्या असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या तरुण पोरांनी आंदोलन केलं, संसद जळली, पंतप्रधान ओलींचं सरकार गेलं एवढं आपण सगळ्यांनीच टीव्हीवर बघितलं. आता ५ मार्च २०२६ ला निवडणूक आहे आणि आमच्यातले काही जण म्हणतायत मतदानाला गावी जाणार. ऐन शिमग्याचे दिवस आणि आंब्याची पहिली तोड, पण ते माझं मी बघेन, मत द्यायला जायलाच हवं त्यांनी.

मला कळत नाहीये ते असं की एवढासा देश, त्यात सरकार टिकतच नाही, तीच तीन चार नावं फिरून फिरून पंतप्रधान होतात, हे का? आणि दुसरं, ही माणसं आपल्याशी इतकी आपुलकीने वागतात, घरचं लग्न असलं तर आम्हाला फोटो पाठवतात, पण भारत सरकारचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. २०१५ ची नाकाबंदी म्हणतात आणि गप्प होतात. परवा त्यांच्या नवीन शंभराच्या नोटेचा फोटो दाखवत होते, त्यावरच्या नकाशात लिपुलेख, कालापानी, लिंपियाधुरा हा उत्तराखंडच्या सीमेवरचा वादातला भाग नेपाळमध्ये दाखवलाय. मी काही बोललो नाही. पण कुणी नीट समजावून सांगेल का, टीव्हीवरची भांडणं नकोत.

---

मिरकरवाडा_जेटी

काका, चांगला विषय काढलात. राजकारणातलं मला फार कळत नाही पण सप्टेंबरात जेटीवर काय झालं ते सांगतो. आमच्याकडे बोटींवर निम्म्याहून जास्त खलाशी नेपाळी असतात, ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली की येतात. ४ सप्टेंबरला तिथल्या सरकारने फेसबुक, व्हॉट्सअप, युट्यूब धरून २६ अ‍ॅप बंद केली. टीव्हीवर सगळे म्हणत होते पोरांचं सोशल मीडिया बंद केलं म्हणून भडकली. अहो इथे आमच्या खलाशांचा घराशी बोलायचा एकमेव रस्ता बंद झाला होता!! बोट धक्क्याला लागली की आधी व्हिडिओ कॉल, मग जेवण, अशी त्यांची सवय, आणि त्या आठवड्यात सगळे जेटीवर मोबाईल घेऊन नुसते बसलेले. साधा फोन लावायचा तर इंटरनॅशनल रेट पडतो. त्या देशात क्वचितच एखादं घर असेल ज्याचं माणूस बाहेर नाही, आणि तुम्ही त्यांचं बोलणंच तोडलंत तर लोक उठणारच ना. नंतर ८ तारखेला गोळीबार झाला, १९ जण एका दिवसात गेले, ती बातमी आली तेव्हा आमच्या तांडेलाने स्वतःहून सांगितलं की आज ज्याला घरी बोलायचंय त्याने माझा फोन घ्या.

अजून एक गोष्ट कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. नेपाळचा माणूस कतार किंवा मलेशियाला गेला तर त्याला नेपाळ सरकारचा श्रम परवाना लागतो, त्याच्याबरोबर विमा येतो, कल्याण निधी येतो. भारतात यायला परवानाच लागत नाही, त्यामुळे आपल्याकडे बोटीवरून एखादा पडला तर तो त्यांच्याही कागदावर नाही आणि आपल्याही. हे बदलायला पाहिजे, दोन्ही सरकारांनी.

---

वाशिष्ठीकाठ

बागायतदार काका, मी चिपळूणला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, नेपाळचं राजकारण बरीच वर्षं वाचतोय, तर थोडं सविस्तर लिहितो.

सरकार का टिकत नाही याचं पुस्तकी उत्तर आधी उरकून घेऊ. त्यांच्या प्रतिनिधी सभेत २७५ जागा, त्यातल्या १६५ आपल्यासारख्या थेट निवडून येतात आणि ११० पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. या पद्धतीत एका पक्षाला बहुमत मिळणं अवघड. २०२२ ला नेपाळी काँग्रेस ८९, ओलींचा एमाले ७८, आणि प्रचंड यांचे माओवादी ३२. आणि पंतप्रधान कोण झालं तर ३२ जागावाले प्रचंड! मग त्यांनी कधी याचा तर कधी त्याचा पाठिंबा घेत दीड वर्ष काढलं, जुलै २०२४ मध्ये काँग्रेस आणि एमाले एकत्र आले आणि ओली परत बसले. २००८ ला प्रजासत्ताक झाल्यापासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षं पूर्ण केलेली नाहीत.

पण आकडे जुळत नाहीत म्हणून सरकार पडतं हे मला पुरेसं कारण वाटत नाही, कारण २०१७ ला आकडे जुळले होते. ओली आणि प्रचंड एकत्र लढले, १७४ जागा आल्या, २०१८ ला दोघांनी पक्षच एक केला. तरी २०२० च्या डिसेंबरात ओलींनी स्वतःच संसद विसर्जित केली, कोर्टाने ती परत बसवली, त्यांनी मे २०२१ ला पुन्हा विसर्जित केली आणि कोर्टाने पुन्हा बसवून नेपाळी काँग्रेसच्या देउबांना पंतप्रधान करायला सांगितलं. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश बहुमत असून सरकार आतूनच फुटलं, खुर्चीची पाळी कुणाची यावरून.

मला वाटतं खरं कारण तुमच्या खोपीत मोबाईल बघत बसलंय. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण पाव हिस्सा बाहेर गेलेल्या लोकांनी पाठवलेल्या पैशांचा आहे. हा पैसा गावात येतो, त्यातून तांदूळ, तेल, मोबाईल, मोटारसायकल घेतली जाते, हे बरंचसं बाहेरून आयात होतं, आणि त्या आयातीवरचा कर हा सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार. आता विचार करा, ज्या सरकारची तिजोरी पोरं देशाबाहेर गेल्यामुळे भरते त्याला पोरांना देशात काम द्यायची घाई कशी असणार? आणि जे गेलेत त्यांना तिथून मत देता येत नाही. परदेशातल्या नेपाळी नागरिकांना तिथूनच मतदान करता यावं असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, आजपर्यंत त्याची व्यवस्था झालेली नाही. आपलं कोकणही मुंबईच्या मनिऑर्डरवर जगलं, पण आपला चाकरमानी निवडणुकीला गाड्या भरून गावी येतो, उमेदवाराला त्याची भीती असते. दोह्यातला माणूस येऊ शकत नाही, तुमच्या बागेतलेही थोडेच जण जाऊ शकतात, आणि ज्या वयाच्या माणसाने नेत्याला जाब विचारायचा ते वयच देशात नाही. मग तीन चार म्हातारे नेते आपापसात खुर्ची फिरवत राहतात, देउबा पाच वेळा पंतप्रधान झाले. सप्टेंबरात जी पोरं रस्त्यावर आली ती अजून गेली नव्हती ती, किंवा पासपोर्टच्या रांगेतली. नेत्यांच्या मुलांचे परदेशातले ऐषारामाचे फोटो त्यांनी आठवडाभर फिरवले होते, राग त्याचा होता, अ‍ॅपबंदी ही फक्त ठिणगी.

भारताविषयी वेगळं लिहितो, हे लांबलं.

---

देवगडकर_झील

माझ्या बागेतलो माणूस सांगता की राजा होतो तेव्हाच बरा होता. निदान एक माणूस जबाबदार होतो. आता पंतप्रधान बदलता पण गावात रस्तो काय येवचो नाय. मार्च २०२५ मध्ये राजाच्या बाजून काठमांडूत एवढी माणसा जमली ती काय उगाच? आणि हिंदू राष्ट्र होता ता कित्याक काढून टाकल्यानी ह्या माका कळाक नाय. आपल्याक तर तसोच शेजारी बरो ना?

---

वाशिष्ठीकाठ

देवगडकर भाऊ, तुमच्या माणसाची चिडचिड खरी आहे, पण राजा असताना तो रस्ता आला होता का हे त्याला विचारून बघा. पश्चिम नेपाळचे डोंगराळ जिल्हे राजाच्या काळात सगळ्यात मागे पडले आणि १९९६ ला माओवादी बंड रोल्पा रुकुमसारख्या त्याच पट्ट्यातून उभं राहिलं, दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली. राजा ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ ला सगळी सत्ता हातात घेतली, टेलिफोन बंद केले, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक बसवले. ज्या पक्षांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते सगळे त्यामुळे माओवाद्यांबरोबर आले, तो बारा कलमी समझोता दिल्लीतच झाला. २००६ च्या एप्रिलमधलं आंदोलन लोकांनी केलं, राजा कुणी कारस्थान करून घालवलेला नाही. आणि आजचं गणित बघायचं तर राजाच्या बाजूच्या राष्ट्रीय प्रजातंत्र पक्षाला २०२२ मध्ये २७५ पैकी १४ जागा होत्या.

राजा असला की शेजारी आपल्याला बरा, हेही इतिहासात सापडत नाही. राजा महेंद्र यांनी १९६० ला निवडून आलेले पंतप्रधान बी. पी. कोइराला यांना तुरुंगात टाकलं आणि पुढच्या वर्षी चीनशी काठमांडू ते कोदारी रस्त्याचा करार केला. भारताविरुद्ध चीनचं कार्ड दाखवायची सवय राजवाड्यातली आहे. राजा वीरेंद्र यांनी चीनकडून शस्त्रं घेतली, व्यापार आणि पारवहन (भारतातून माल नेण्याचे) करार संपले आणि १९८९ ला भारताने सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली. म्हणजे २०१५ ही पहिली वेळ नव्हती, घरातल्या मोठ्या माणसांना ती आधीचीही आठवते.

---

माजी_सुभेदार_खेड

राम राम. मी मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, पोस्टिंगवर गोरखा पलटणींच्या शेजारी राहिलो, त्यामुळे मला या विषयात बोलायचा हक्क वाटतो. १९४७ च्या त्रिपक्षीय कराराने नेपाळची मुलं आपल्या सैन्यात येतात, आपल्याकडे सात गोरखा रेजिमेंट आहेत, आणि निवृत्त झाल्यावर पेन्शन घेऊन नेपाळच्या डोंगरात जाऊन बसायचं, त्या पेन्शनवर गावात शाळा उभी राहायची, गावातला मानाचा माणूस म्हणजे भारताचा पेन्शनर. भारताची बाजू घेणारा तिथे कोण होता तर तो. वकिलातीने काय केलं नसतं ते काम हा माणूस चहाच्या टपरीवर बसून करायचा.

करोनात भरती थांबली आणि २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चारातले तीन घरी. नेपाळचं म्हणणं पडलं की हे १९४७ च्या करारात बसत नाही, आमच्या पक्षांशी बोलून ठरवू, तोवर थांबा. तेव्हापासून नेपाळमधून भरती बंद आहे. जो मुलगा पलटणीत गेला असता तो आता आपल्या बागेत माकडं हाकतोय किंवा रशियाच्या सैन्यात गेला, तिकडे युक्रेनमध्ये नेपाळी मुलं मेलीसुद्धा. मला याचं फार वाईट वाटतं. योजना आपली अंतर्गत बाब असेल पण दुसऱ्या देशाची मुलं घेताना त्या देशाला आधी विश्वासात घ्यायला हवं होतं, एवढं मी एक सैनिक म्हणून ठामपणे म्हणेन.

---

पावसचा_बागायतदार

सुभेदार साहेब, तुम्ही म्हणता ते तंतोतंत, आमच्याकडच्या एकाचे आजोबा पलटणीत होते, तो नेहमी सांगतो. सर तुमचंही वाचलं, तिजोरीचा मुद्दा पटला. आता ते नाकाबंदीचं आणि नकाशाचं लिहा, आणि हे पण सांगा की नेपाळ खरंच चीनकडे चाललाय का, कारण आमच्या इथल्या गप्पांत सगळे तेच म्हणतात.

---

वाशिष्ठीकाठ

लिहितो.

२०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली. भारताची मदत सगळ्यात आधी पोचली आणि लोक खरोखर कृतज्ञ होते. त्याच वर्षी २० सप्टेंबरला नवीन संविधान लागू झालं. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांना त्यात अन्याय वाटला, प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाच्या अटींवरून, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं, त्या आंदोलनात आधीच पन्नासेक माणसं मारली गेली होती. ते नाक्यांवर बसले आणि भारताकडून जाणारे ट्रक थांबले. भारताने कायम सांगितलं आम्ही नाकाबंदी केलेली नाही, पलीकडच्या आंदोलनामुळे गाड्या जात नाहीत. पण नेपाळच्या माणसाने बघितलं ते असं की आंदोलन नव्हतं त्या नाक्यांवरूनही इंधन येत नव्हतं. जवळजवळ पाच महिने गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत, भूकंपात घर पडलेलं आणि डोक्यावर हिवाळा. काका, तुमची माणसं गप्प होतात ती याच्यामुळे. त्या घरातल्या बाईने पाच महिने लाकडं जाळून स्वयंपाक केला, ती दिल्लीचं निवेदन कशाला वाचेल.

आणि इथेच परराष्ट्र धोरण आणि घरचं राजकारण एक होतं. ओली तेव्हा पंतप्रधान होते, ते झुकले नाहीत, मार्च २०१६ ला चीनला जाऊन पारवहनाचा करार करून आले, आणि २०१७ च्या त्या १७४ जागांमध्ये या प्रतिमेचा मोठा वाटा होता. त्याआधी हेच ओली भारताचे जवळचे मानले जायचे. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक नेत्याला कळलं की कारखाना काढून मतं मिळायला दहा वर्षं लागतात, भारताला दोन शब्द सुनावून एका सभेत मिळतात.

नकाशाचंही तसंच झालं. १८१६ च्या इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या सुगौली तहात काली नदी ही सीमा ठरली, वाद एवढाच की काली उगम पावते कुठे. दोन्हीकडे जुने कागद आहेत. नोव्हेंबर २०१९ ला भारताने नवा राजकीय नकाशा काढला, ८ मे २०२० ला लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं, नेपाळ चर्चा मागत होता ती करोनाचं कारण देऊन पुढे ढकलली गेली. ओली तेव्हा स्वतःच्या पक्षात अडचणीत होते, त्यांनी नकाशा काढला आणि जूनमध्ये तो थेट संविधानात घातला, संसदेत विरोधी मत एकही नाही. कोण विरोध करणार? आता झालंय असं की कुठल्याही पंतप्रधानाला तडजोड करायची तर संविधान बदलावं लागेल, म्हणजे दोन तृतीयांश. तडजोडीची दारं त्यांनी स्वतःच बंद करून घेतली आणि ती बंद होईपर्यंत आपण चर्चेला बसलो नाही. मला दोन्ही बाजूंचा राग येतो.

चीनचं विचाराल तर कागदावर भरपूर आहे आणि जमिनीवर कमी. चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेवर २०१७ ला सही केली, रेल्वे काठमांडूला येणार येणार म्हणून निवडणुका लढवल्या, रेल्वे काही आली नाही. पोखऱ्याचं विमानतळ चीनच्या कर्जाने झालं, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन झालं, पण आंतरराष्ट्रीय विमानं तिथे फारशी उतरत नाहीत आणि कर्ज तर फेडायचंय. जुलै २०२५ मध्ये भोटेकोशी नदीला पूर आला आणि रसुवागढीचा चीनकडे जाणारा पूलच वाहून गेला. हिमालयातला रस्ता असा आहे. मालासाठी त्यांना बंदर लागतं कोलकाता, हल्दिया, विशाखापट्टणम. व्यापाराचा साधारण दोन तृतीयांश भाग भारताशी आहे. चीनकडे निघून जाणं त्यांना शक्यच नाही, फक्त दिल्लीशी बोलताना आपल्या मागे कुणीतरी आहे असं दाखवायचं असतं. तसंच अमेरिकेचंही, त्यांच्या एमसीसी (मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन) या संस्थेच्या ५० कोटी डॉलरच्या मदतीवरून २०२२ ला काठमांडूत दगडफेक झाली आणि तरी संसदेने ती मंजूर केली कारण वीजवाहिन्यांना पैसा हवा होता.

विजेवरून आठवलं, हाच एक विषय आहे जिथे दोन्ही देशांनी डोकं लावून काम केलंय. दहा वर्षांपूर्वी काठमांडूत हिवाळ्यात दिवसाला चौदा सोळा तास वीज नसायची. आता पावसाळ्यात ते भारताला वीज विकतात, जानेवारी २०२४ ला दहा वर्षांत १० हजार मेगावॉट घ्यायचा करार झालाय, आणि ४० मेगावॉट भारताच्या तारांवरून बांगलादेशला जाते. एकच अट टोचते त्यांना, ज्या प्रकल्पात चीनचा पैसा किंवा ठेकेदार आहे त्याची वीज भारत घेत नाही.

---

राजापूरची_शिक्षिका

सर, फार छान लिहिलंत, मुलांना वाचून दाखवणार आहे. माझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेपाळी मुलं आहेत, हंगामात येतात आणि मे मध्ये जातात, मराठी इतकी छान बोलतात की नवीन माणसाला ओळखू येणार नाही. पट टिकायला त्यांचा आधारच आहे. पण त्यांचं एक वर्ष दोन देशांत तुटतं, तिकडच्या शाळेचं वर्ष एप्रिल मे मध्ये सुरू होतं, इकडचं जूनमध्ये, आणि दाखल्याला ना इकडे मोल ना तिकडे. १९५० च्या करारात म्हणे एकमेकांच्या नागरिकांना राहण्या कमावण्याचा समान हक्क आहे, मग या मुलांच्या शिक्षणाचं कुणी का बोलत नाही?

काकांसाठी एक माहिती. आमच्या इथला एक पालक मागच्या २०२२ च्या मतदानाला गेला होता तेव्हा अडकला होता. निवडणुकीआधी ७२ तास सीमा बंद ठेवतात. बनबसा असो, गौरीफंटा असो की रुपैडिहा, सीमेवरच्या सगळ्या नाक्यांवर तेच. ५ मार्चचं मतदान धरलं तर १ तारखेच्या आत माणूस पलीकडे पोचलेला बरा, आणि मुंबई दिल्लीची तिकिटं होळीच्या गर्दीत मिळणार नाहीत, आत्ताच काढा. आणि जाण्याआधी मतदार यादीत नाव आहे का ते त्यांना निवडणूक आयोगाच्या साईटवर बघायला लावा. नाव नसेल तर एवढा प्रवास फुकट.

---

मिरकरवाडा_जेटी

ताई हे ७२ तासांचं बरं सांगितलंत, जेटीवर सांगतो सगळ्यांना. आमच्याकडचे जास्त करून नाही जाणार, मार्चमध्ये मासा असतो आणि एक आठवडा बोट सोडली की जागा जाते. त्यांच्यात एक म्हणाला की सुशीला कार्की पंतप्रधानपदी आल्यात तर आता भारताशी चांगलं होईल, त्या बनारसला शिकल्यात म्हणे. खरं का सर?

---

वाशिष्ठीकाठ

शिकल्यात ते खरं, बनारस हिंदू विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए. पण त्यावरून धोरण ठरत नाही. कार्की त्यांच्या माजी सरन्यायाधीश, भ्रष्टाचाराविरुद्ध कडक, आणि नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान. १२ सप्टेंबरला शपथ घेतली तेव्हा काम एकच दिलं गेलं, निवडणूक घ्या. नवीन नोटेवर तो नकाशा त्यांच्याच काळात आला बघा. संविधानात आहे म्हटल्यावर त्या तरी काय करतील.

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. १९५० च्या करारात राहणं, मालमत्ता, व्यापार, फिरणं यांचे समान हक्क लिहिलेत पण मुलांच्या शाळेचा त्यात शब्दही नाही, कारण तेव्हाचे पंतप्रधान मोहन शमशेर राणा आपली गादी वाचवायला सही करत होते, सही झाल्यावर वर्षभरात राणांची सत्ता गेली. हा करार नव्याने लिहावा म्हणून २०१६ ला दोन्ही देशांनी जाणकारांचा गट नेमला, त्यांनी २०१८ ला अहवाल तयार केला, आणि तो अहवाल आजही दोन्ही पंतप्रधानांनी हातात घेतलेला नाही. सात वर्षं उलटून गेली. त्यात काय आहे ते आवडो न आवडो, आधी घ्या तरी. सीमेवर नोंद ठेवायची की नाही, इकडे काम करणाऱ्याचा विमा कुणी भरायचा, शाळेचा दाखला कसा चालायचा, हे सगळं त्याच टेबलावर बसून सुटणारं आहे.

मार्चनंतर कुणीही पंतप्रधान झालं तरी मी तीन गोष्टी बघणार. तो अहवाल घेतात का. गोरखा भरतीवर सुभेदार साहेब म्हणतात तशी बोलणी सुरू होतात का. आणि परदेशातल्या, म्हणजे तुमच्या जेटीवरच्या आणि बागेतल्या माणसाला पुढच्या निवडणुकीत इथूनच मत देता येईल असा कायदा नवीन संसद पहिल्या वर्षात करते का. तिसरं झालं तर बाकीचं हळूहळू होईल असं मला मनापासून वाटतं.

---

माजी_सुभेदार_खेड

सर, बोलणी करायची तर दिल्लीने आधी पाऊल टाकावं. मोठा देश आपला आहे.